अपुरी झोप, अखंड थकवा : किशोरवयाचे दुर्लक्षित दुखणे

पहाटे साडेपाचला गजर वाजतो आणि लगेच बंद केला जातो. दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजतो. मग आईच्या हाका सुरू होतात. चौथ्या हाकेला अकरावीतला मुलगा कसाबसा उठतो, काही न खाता नुसता चहा घेऊन बाहेर पडतो, गाडीत डुलक्या घेतो आणि पहिल्या दोन तासांना वर्गात काय शिकवले, हे त्याला सांगता येत नाही. संध्याकाळी क्लासहून परतल्यावर दप्तर टाकून तो अंथरुणावर पडतो. रात्री अकराला घरात निजानीज होते, तेव्हा मात्र त्याचे डोळे टक्क उघडे असतात. पेण आणि रोह्यातील अनेक घरांना हे चित्र परिचयाचे आहे. ‘आळशी आहे’, ‘मोबाइलने वाया गेला’, ‘आमच्या वेळी असे नव्हते’ असे निष्कर्ष त्यावरून झटपट काढले जातात. वैद्यकशास्त्राचे उत्तर मात्र इतके सोपे नाही.

किशोरवयीन मुलांच्या सततच्या थकव्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, झोपेला पुरेसा वेळच न मिळणे. दुसरी, वेळ मिळूनही झोप न लागणे किंवा ती गाढ नसणे. तिसरी, झोप व्यवस्थित असतानाही शरीरातील अथवा मनातील एखाद्या आजारामुळे शक्ती न उरणे. तिन्हींची बाह्य लक्षणे सारखीच दिसतात, उपाय मात्र निराळे आहेत. म्हणून मुलाला दटावण्यापूर्वी तो यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे तपासणे आवश्यक ठरते.

किती झोप पुरेशी?

अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये वयोगटानुसार झोपेचे प्रमाण जाहीर केले. त्यानुसार १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास, तर ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. प्रौढांना किमान सात तास पुरतात. म्हणजेच दहावी-बारावीतील मुलाची झोपेची गरज त्याच्या वडिलांपेक्षा कमी नसून अधिक असते. ‘मोठा झाला, आता कमी झोप पुरेल’ हा घरोघरचा समज येथेच चुकतो.

या वयात शरीराची वाढ वेगाने होत असते. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव गाढ झोपेत होतो. दिवसभरात वाचलेले, ऐकलेले आणि सरावाने शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. झोपेची आवर्तने साधारण दीड तासाची असतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचा, तर उत्तरार्धात स्वप्नावस्थेतील झोपेचा वाटा जास्त असतो. पहाटे साडेचारला उठून अभ्यासाला बसणाऱ्या आणि रात्री साडेअकराला झोपणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तरार्धातील झोप सर्वाधिक कापली जाते. स्मरणशक्ती आणि भावनांचा तोल यांच्याशी या झोपेचा निकटचा संबंध आहे. अभ्यासासाठी कमावलेले दोन तास असे दुसऱ्या हाताने गमावले जातात.

शरीराचे घड्याळ मागे का पडते?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून तो दिवस-रात्रीचा अंदाज घेतो आणि त्यानुसार शरीराचे तापमान, संप्रेरके, भूक आणि झोप यांचे वेळापत्रक ठरवतो. अंधार पडू लागला की त्याच्या सूचनेवरून पीनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. पेशींमधील हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक देण्यात आले होते.

वयात येताना हे घड्याळ एक ते दोन तासांनी मागे सरकते. लहानपणी नऊला पेंगणाऱ्या मुलाला आता अकरा वाजले तरी झोप येत नाही. अमेरिकेतील संशोधक मेरी कार्सकॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बदल अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिला. याच्या जोडीला आणखी एक बदल घडतो. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिनसारखी द्रव्ये साठत जातात आणि झोपेची ओढ वाढवतात. किशोरवयात ही ओढ लहानपणापेक्षा सावकाश वाढते. त्यामुळे दिवसभर थकलेला मुलगा रात्री मात्र ताजातवाना दिसतो. त्यात त्याचे सोंग नसते. हा वयाचा धर्म आहे आणि विशीच्या सुमारास घड्याळ पुन्हा हळूहळू पुढे येऊ लागते.

या नैसर्गिक बदलाला कृत्रिम प्रकाशाची जोड मिळाली की अडचण वाढते. मोबाइल, टॅब आणि संगणकाच्या पडद्यांतून येणाऱ्या प्रकाशात निळ्या छटेचे प्रमाण बरेच असते आणि मेलॅटोनिनचा स्राव रोखण्यात हीच छटा सर्वाधिक प्रभावी ठरते. त्याहून मोठा परिणाम पडद्यावर जे चालले असते त्याचा होतो. मित्रांचा गट, अर्धवट राहिलेला खेळ, एकामागून एक येणाऱ्या चित्रफिती यांतून मन बाहेर पडत नाही. पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रम संपत आणि संच बंद होई. हातातल्या पडद्याला तसा शेवट नाही.

झोपेचे कर्ज आणि रविवारची परतफेड

एक साधा हिशेब पाहता येईल. मुलगा रात्री साडेअकराला झोपतो आणि साडेपाचला उठतो, म्हणजे झोप सहा तास. किमान गरज आठ तासांची धरली तरी रोज दोन तासांची तूट येते. सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत ही तूट बारा तासांची होते. शनिवारी रात्री तो एकला झोपतो आणि रविवारी दहाला उठतो. नऊ तास झोप झाली तरी कर्जापैकी जेमतेम एक तास फिटतो.

यात दुसरे नुकसान दडलेले असते. रोज रात्री अडीचला येणारा झोपेचा मध्य रविवारी पहाटे साडेपाचला येतो. शरीराचे घड्याळ तीन तासांनी ओढले जाते. भारत आणि सौदी अरेबिया यांच्या वेळेतील फरक अडीच तासांचा आहे. म्हणजे हा मुलगा दर आठवड्याच्या अखेरीस आखाताच्याही पलीकडे जाऊन सोमवारी पहाटे परत येतो म्हणावे, अशी त्याच्या शरीराची अवस्था होते. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांनी या प्रकाराला ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. सोमवारच्या पहिल्या तासाला वर्ग पेंगत असतो, याचे एक मोठे कारण हे आहे.

पेण-रोह्यातील दिवस

महानगरातील मुलांचे जागरण सर्वांच्या नजरेत येते. मुंबईपासून दोन-तीन तासांवरच्या या दोन गावांत परिस्थिती बेताची बरी असेल, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात येथील दिवस आपल्या परीने लांबलेला आहे. पनवेल, अलिबाग किंवा त्याहून दूरच्या महाविद्यालयांत आणि क्लासमध्ये जाणाऱ्या मुलांचा दिवस गाडीच्या वेळेला बांधलेला असतो. गाडी चुकली तर पहिले व्याख्यान बुडते. दुसरा पर्याय रस्त्याचा. मुंबई-गोवा महामार्गावरील पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. या काळात पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातील प्रवाशांचा जो वेळ खड्ड्यांत आणि कोंडीत गेला, त्यात विद्यार्थ्यांची झोपही गेली.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, नागोठणे परिसरात आणि पेण तालुक्यातील कारखान्यांत तीन पाळ्यांत काम चालते. वडील दुसऱ्या पाळीला असले की घराचे वेळापत्रक बदलते. रात्री अकराला दार वाजते, जेवणे पुन्हा मांडली जातात, दिवे आणि दूरचित्रवाणी संच चालू राहतात. दोन खोल्यांच्या घरात मुलांना वेगळी, अंधारी खोली मिळणे शक्य नसते.

पेण आणि परिसरातील हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने घरोघरी आहेत. उत्सवाच्या आधीच्या काही आठवड्यांत रंगकाम आणि आखणीचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. घरच्या धंद्याला हात लावणे यात मुलांना आणि वडीलधाऱ्यांना वावगे वाटत नाही आणि ही कला पुढच्या पिढीकडे जाते ती याच वाटेने. परंतु हे दिवस शाळेच्या पहिल्या सत्राचेच असतात. बालकामगारविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना, शाळा सांभाळून कुटुंबाला केलेली मदत यांसारखे थोडे अपवाद वगळता, कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना आस्थापनांत रात्री ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देण्यास मनाई आहे. घरच्या कारखान्यातही हीच मर्यादा पाळणे मुलांच्या हिताचे ठरेल.

पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई हा जुना प्रश्न आहे. पाणी अवेळी येते तेव्हा हंडे भरण्यासाठी उठणाऱ्यांत घरातील मुलीही असतात. डोंगरपट्ट्यातील कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि तेथील काम पहाटेच सुरू होते. अशा मुलांच्या थकव्याला मोबाइलचे कारण लावता येत नाही.

थकवा रक्तातला

सतत थकलेल्या किशोरवयीन मुलीच्या बाबतीत सर्वप्रथम रक्तक्षयाचा विचार करावा लागतो. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींत आणि ३१.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे ५४.१ आणि २९.२ टक्के होते. दहा मुलींच्या गटात सहाजणींचे रक्त कमी असेल, तर ‘मुली नाजूकच असतात’ या शेऱ्याला अर्थ उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १२ वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. १५ वर्षांवरील मुलासाठी ही मर्यादा १३ ग्रॅम आहे. मासिक पाळीतील रक्तस्राव, वाढीसाठी लागणारे जादा लोह, अपुरा आहार आणि पोटातील जंत ही त्याची नेहमीची कारणे. जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, चेहरा आणि डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतील बाजू फिकट दिसणे, डोके दुखणे, माती किंवा खडू खावासा वाटणे ही लक्षणे असतात. रक्तक्षय होण्यापूर्वीच, केवळ लोहाचा साठा कमी झाल्यानेही थकवा जाणवू शकतो. लोह कमी असलेल्या काहींना रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात आणि झोप लागत नाही. म्हणजे एकच कमतरता दिवस आणि रात्र दोन्ही बिघडवते.

‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळा आणि अंगणवाडीमार्फत आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. तिने शौचाचा रंग काळसर होतो आणि काहींना मळमळते. या भीतीने ती फेकून देण्याचे प्रकार घडतात. ती उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. १ ते १९ वर्षे वयासाठीची जंतनाशक गोळी राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने दिली जाते. तीही चुकवू नये. मात्र रक्तक्षय निश्चित झालेल्या मुलीला ही साप्ताहिक गोळी पुरत नाही. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे औषध काही महिने घ्यावे लागते.

आहारात नाचणी, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, तीळ आणि मांसाहारी घरांत मासे, मटण, कलेजी यांचा समावेश असावा. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. पेणच्या पोह्यांवर लिंबू पिळण्याची जुनी रीत या दृष्टीनेही योग्यच आहे. उलट, जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो.

अन्य आजार

रक्तक्षयाखेरीज थकव्याची कारणे बरीच आहेत. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्यास वजन वाढते, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ होतो आणि मूल सुस्त राहते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता संपूर्ण शाकाहारी घरांत विशेषत्वाने आढळते. ड जीवनसत्त्व कमी असल्यास हाडे व स्नायू दुखतात. फार तहान, वारंवार लघवी आणि उतरणारे वजन ही मधुमेहाची लक्षणे किशोरवयातही दिसू शकतात आणि तेथे एक दिवसाचाही विलंब धोक्याचा असतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारी कणकण, भूक मंदावणे आणि वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते.

कोकणातील पावसाळ्यानंतर डेंग्यू, हिवताप, विषमज्वर आणि कावीळ यांच्या साथी येतात. ताप गेल्यावरही अशक्तपणा काही आठवडे राहू शकतो. या काळात मुलाला एकदम धावपळीला न लावता हळूहळू पूर्ववत होऊ द्यावे. क्वचित एखाद्या संसर्गानंतर थकवा महिनोन्‌महिने टिकतो, विश्रांतीने जात नाही आणि थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायला लावतो. सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या अशा अवस्थेस दीर्घकालीन थकव्याचा विकार म्हणतात. त्याचे निदान इतर सर्व कारणे वगळल्यावरच होते आणि ‘अंग चोरतो’ असे म्हणून तो बरा होत नाही.

झोपेचेच विकार

आठ-नऊ तास झोपूनही मूल सकाळी थकलेले उठत असेल, तर त्याच्या झोपेकडे पाहावे. मोठ्याने घोरणे, तोंड उघडे ठेवून झोपणे, मध्येच श्वास थांबून दचकणे, सकाळी डोके दुखणे ही निद्राश्वासरोधाची लक्षणे आहेत. वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड, सततची सर्दी आणि स्थूलता ही त्याची प्रमुख कारणे होत. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या उपचाराने यांतील बहुतेक मुले सुधारतात. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत घातक आहे.

रात्री दोन-तीनपर्यंत झोपच न लागणे आणि सुट्टीत मात्र दुपारपर्यंत उत्तम झोप होणे हे विलंबित निद्राचक्राचे चिन्ह होय. अशा मुलाला रात्री दहाला बळेच अंथरुणात घालून उपयोग होत नाही. त्याचे घड्याळ सकाळच्या प्रकाशाच्या साहाय्याने, रोज थोडे थोडे पुढे आणावे लागते. नार्कोलेप्सी हा दुर्मिळ विकार बऱ्याचदा किशोरवयातच सुरू होतो. त्यात दिवसा अनावर झोपेचे झटके येतात आणि काहींना हसताना किंवा चिडताना अचानक गुडघ्यांतील बळ जाते.

मनाचा थकवा

नैराश्य प्रौढांत उदासीच्या रूपाने दिसते. किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिड, अबोला, अभ्यासातील घसरण आणि थकवा या वेशांत येते. झोप उडणे किंवा अति झोपणे ही त्याची दोन टोके. आवडता खेळ, मित्र, गाणी यांत रस न उरणे आणि ‘माझ्याने काही होणार नाही’ अशी भाषा दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती गांभीर्याने घ्यावी. झोप आणि मन यांचा संबंध दुहेरी आहे. अपुऱ्या झोपेने मन खचते आणि खचलेल्या मनाला झोप येत नाही.

फेब्रुवारी-मार्चमधील परीक्षांच्या सुमारास हा ताण वाढतो. शाळेतील छळ, घरातील भांडणे किंवा प्रेमभंग यांबद्दल मूल आपण होऊन बोलेलच असे नाही. मरणाचा किंवा स्वतःला इजा करण्याचा विषय निघाल्यास ‘धमकी देतो’ असे समजून दुर्लक्ष करू नये. त्याला एकटे न सोडता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे विनामूल्य समुपदेशन मिळते.

शाळेची घंटा कोणासाठी?

तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली होती. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय जाहीर केला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून त्याची अंमलबजावणी ठरली. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु घड्याळ मागे पडते ते चौथीनंतर, वयात येताना. ज्या वयाला उशिराच्या घंटेची सर्वाधिक गरज, तेच वय या निर्णयाच्या बाहेर राहिले. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत लहान मुलांची वेळ पुढे नेली की सकाळची पाळी मोठ्यांच्या वाट्याला येण्याचाही संभव असतो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. ‘उशिरा शाळा म्हणजे उशिरा जागरण’ हा आक्षेप तेथेही घेतला गेला होता. प्रत्यक्ष मोजमापात मुलांची झोप ३४ मिनिटांनी वाढल्याचे दिसले. कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२२ पासून साडेआठची मर्यादा कायद्याने लागू झाली.

येथील अडचणी वास्तव आहेत. वर्गखोल्या कमी, गाड्यांच्या वेळा ठरलेल्या, शिक्षकही दुरून येणारे आणि उन्हाळ्यात दुपारचा उकाडा. तथापि सर्व काही एकदम बदलणे आवश्यक नाही. पहिल्या तासाला गणिताऐवजी खेळ किंवा प्रात्यक्षिक घेणे, सकाळी सहाचे जादा तास टाळणे, क्लासची शेवटची तुकडी रात्री आठपूर्वी सोडणे, रात्री दहानंतर गृहपाठाचे संदेश न पाठवणे एवढे तर शाळा आणि क्लासचालकांच्या हातात आहे.

घरी काय करता येईल?

झोपण्याची वेळ बदलण्यापूर्वी उठण्याची वेळ स्थिर करावी. रविवारीही ती तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नये. उठल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटे गच्चीत, अंगणात किंवा रस्त्यावर उजेडात काढावीत. सकाळचा सूर्यप्रकाश शरीराचे घड्याळ पुढे आणणारे सर्वांत स्वस्त औषध आहे.

दुपारची झोप वीस-तीस मिनिटांची असावी आणि चारनंतर टाळावी. क्लासहून आल्यावरची दोन तासांची झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. चहा, कॉफी आणि शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांतील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शरीरात असतो. म्हणून दुपारनंतर ही पेये घेऊ नयेत.

झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल बाजूला ठेवावा. तो उशाखाली न ठेवता घराच्या एका ठरावीक जागी सर्वांचेच फोन ठेवण्याची पद्धत अधिक टिकते. वडील स्वतः बाराला चित्रफिती पाहत असतील, तर मुलाला केलेला उपदेश पोकळ ठरतो. गजरासाठी साधे घड्याळ वापरावे. रात्रीपाळीहून येणाऱ्यांसाठी मंद दिवा आणि मुलांच्या बाजूला पडदा एवढ्या साध्या उपायांनीही लहान घरात फरक पडतो.

झोपेच्या गोळ्या किंवा मेलॅटोनिन स्वतःच्या मनाने देऊ नये. परीक्षेसाठी जागे राहण्याची औषधे तर सर्वथा टाळावीत. रात्रभर जागून दुचाकीवरून परीक्षेला जाणे किती धोक्याचे आहे, हे महामार्गालगत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन-तीन आठवडे वरील उपाय करूनही थकवा गेला नाही तर तपासणी करावी. जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही करावी. झोपण्याची व उठण्याची वेळ, मध्ये जाग आल्यास तिची नोंद, दुपारची झोप, चहा-कॉफी आणि मुलींच्या बाबतीत पाळीचे दिवस तीत लिहावेत. अर्धे निदान त्यातूनच होते. रक्ताची संपूर्ण तपासणी, गरजेनुसार लोहाचा साठा, थायरॉइड, साखर आणि ब-१२ इतक्या चाचण्या सामान्यतः पुरतात.

वजन घटणे, लांबलेला ताप, गाठी, धाप, पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, झोपेत श्वास अडकणे, बेशुद्धी किंवा आत्महत्येचे विचार यांपैकी काहीही असेल तर तीन आठवडे थांबू नये. पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत प्राथमिक तपासणी होऊ शकते आणि पुढील उपचारांसाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. शाळांमधील आरोग्य तपासणीसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते तेव्हा मुलाच्या थकव्याची तक्रार शिक्षकांमार्फत नोंदवता येते.

लवकर निजणाऱ्याला आणि लवकर उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य व संपत्ती लाभते, ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. त्यातील ‘लवकर उठे’ तेवढे घरांनी, शाळांनी आणि क्लासनी उचलून धरले. ‘लवकर निजे’ यासाठी लागणारा अंधार, शांतता आणि मोकळा वेळ मात्र मुलांना कोणी दिला नाही. सकाळी चौथ्या हाकेलाही न उठणाऱ्या मुलाला पाचवी हाक मारण्याआधी, तो रात्री किती वाजता झोपला आणि का, एवढे शांतपणे विचारले तरी उपचाराला सुरुवात झाली असे समजावे.